मे महिन्याचं पाणी

१५ मे. दुपारपासून बाटल्या धुते आहे. तपकिरी काचेच्या मोठ्या, आणि त्यांच्या जोडीला बोटाएवढ्या लहान. साबण, नळाचं पाणी, मग लॅबमधलं शुद्ध पाणी, मग भट्टीत वाळवणं. एरवी हे काम मी दुसऱ्याला सांगते. उद्याच्या बाटल्या मात्र स्वतः धुवायच्या होत्या.

उद्या अमावास्या. सकाळच्या ओहोटीला रेवदंड्याच्या खाडीकडच्या एका कोळीवाड्यात पोचायचं आहे. तिथल्या जेटीवर मच्छीमारांच्या सोसायटीचा डिझेल पंप होता. खाऱ्या जमिनीनं त्याचा खालचा पाइप खाल्ला आणि कोणाला कळायच्या आत बरंच डिझेल वाळूत मुरलं. पंपापासून हाकेच्या अंतरावर वस्तीची गोड्या पाण्याची विहीर. तेव्हापासून पंप बंद आहे, विहिरीवर ‘पाणी पिऊ नये’ अशी पाटी आहे, आणि दोन्ही पुन्हा कधी सुरू करायचं हे पाणी तपासून सांगण्याचं काम अलिबागच्या आमच्या छोट्या लॅबकडे आहे. उद्याचं पाणी चांगलं निघालं तर मला एका कागदावर सही करायची आहे : जागा पुरेशी स्वच्छ झाली, फाइल बंद करायला हरकत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. पाण्याची बातमी पसरल्यापासून त्या वाड्यात मुलगी द्यायला लोक कां-कूं करतात. अजून पुष्कळ लग्नं जमायची आहेत.

ही सही खरं तर कुसुमताईंची. कुसुम नाखवा. आमच्या लॅबच्या प्रमुख, आणि त्याच कोळीवाड्याची लेक. होळीनंतर त्या गेल्या. भट्टी गार व्हायला वेळ आहे, तेवढ्यात त्यांच्याबद्दल लिहून काढते. उद्यानंतर मला ते जमेलच असं नाही.

कुसुमताई अंगानं लहानखुऱ्या. पण जेटीवर चालायला लागल्या की बरोबरच्यांना पळावं लागे. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोरीला बांधलेला चष्मा, आणि खांद्याला एक जुनी ताडपत्रीची पिशवी, जिच्यात हात घालायची कोणाला परवानगी नव्हती. बोलणं दोन प्रकारचं. लॅबमध्ये तोलून मापून, छापल्यासारखं. रेवदंड्याचा बाजार मागे पडला की जीभ बदलायची, आवाज दुप्पट व्हायचा, आणि रस्त्यातली निम्मी माणसं कोणाची कोण आहेत ते मला ऐकावं लागायचं.

नमुने घेण्याच्या दिवसाचे त्यांचे नियम होते. अंगाला पावडर नाही. केसांना तेल नाही. डोकं दुखत असलं तरी बाम नाही. गाडीत पेट्रोल भरायचं ते आदल्या दिवशी. पाण्यात आपण शोधतोय ते इतकं थोडं असतं की आपल्याच हाताचा वास त्यात उतरतो आणि रिपोर्ट खोटा होतो. मी नवीन असताना एकदा सकाळी वाटेत स्कूटरमध्ये पेट्रोल भरून गेले. कुसुमताईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आज तू पाण्याजवळ यायचं नाहीस. छत्री धर.” मी दिवसभर नमुन्यांच्या बर्फाच्या पेटीवर छत्री धरून उभी होते. जेवायला बसलो तेव्हा मला म्हणाल्या, “छत्री चांगली धरतेस.” पुन्हा कधी चुकले नाही.

या नियमांचा सर्वांत जास्त राग त्यांच्या भावजयीला, हौसाला. हौसा म्हणजे धाकटा भाऊ नरेश, त्याची बायको. हौसाच्या डोक्यात वेणी नाही असा दिवस मी पाहिला नव्हता. मासळीच्या टोपलीशी बसली तरी अबोलीची वेणी असायचीच. नणंद बिनफुलांची आली की ती दारातूनच ओरडायची, “मयताला आलंय का काय गो, वन्सं?”

“पानी बघाय आलंय. पान्याला फुलं न्हाय चालत.”

“पान्याला न्हाय चालत, मग देवाला तरी चालतील. देवळात जाऊन मग पान्यावर जा.”

“परत जाताना माळीन. वेनी ठेव माझी.”

हौसा ठेवायची. ओल्या फडक्यात गुंडाळून. कुसुमताई परतीच्या वाटेवर ती माळायच्या आणि अलिबागपर्यंत आमच्या गाडीला त्या फुलांचा वास यायचा, बर्फाच्या पेटीला मात्र नाही. पेटी मागे, ताडपत्रीत घट्ट बांधलेली.

त्या पेटीत एक कोरी बाटली असायची. लॅबमध्येच शुद्ध पाण्यानं भरायची, सील करायची, आणि दिवसभर बरोबर फिरवायची. उघडायची नाही. परत आल्यावर तीही इतरांसारखीच तपासायची. तिच्यात काही सापडलं तर ते वाटेतून आलं, म्हणजे सगळा दिवस रद्द. असा एक दिवस रद्द झालाही. मासळीच्या ट्रकमधला बर्फ घाईत घेतला होता, आणि त्या ट्रकात कोणीतरी डिझेलचा कॅन ठेवला होता. वरच्या ऑफिसातले आमचे साहेब म्हणाले की त्या बाटलीचं नोंदवू नका, बाकीचे आकडे तर चांगले आहेत. कुसुमताई म्हणाल्या, “साहेब, आपल्या सगळ्यांत ती एकटीच दिवसभर गप्प बसली होती. तिचं ऐकलं पाहिजे.” दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा खाडीवर.

विहिरीशी माझी पहिली ओळख त्यांनी करून दिली ती अशी. वाटेत एका नाल्यावर मला इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली. मला वाटलं, तेल इथवर आलं. कुसुमताई खाली उतरल्या, पडलेल्या झावळीची एक हीर ओढून काढली आणि तवंगावर रेघ मारली. तो काचेसारखा तडकला. तुकडे झाले, बाजूला सरकले आणि तसेच राहिले. “हे जंतू,” त्या म्हणाल्या. “लोहाच्या पाण्यात वाढतात, त्यांची साय असते. साठलेल्या पाण्यावर कुठेही येते. आता चल, आपलं दाखवते.” कोळीवाड्याच्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत. त्या पाण्यापर्यंत उतरल्या आणि तिथल्या तवंगावर तशीच रेघ मारली. तो दुभंगला आणि लगेच पुन्हा एक झाला. रेघ कुठे मारली ते कळेना. “हे तेल,” त्या म्हणाल्या.  लहानपणी त्या याच पायऱ्यांवर कळशी घेऊन बसायच्या, हे मला नंतर हौसानं सांगितलं.

त्यांची सर्वांत मोठी अट मे महिन्याची. सप्टेंबरात बघाल तर विहीर तुडुंब आणि पाणी कसं निर्मळ. कारण पावसाचं पाणी वर चढतं आणि वाळूला चिकटलेलं तेल त्याच्याखाली दबून राहतं. मेमध्ये पाणी तळाला जातं, त्यात अमावास्येच्या ओहोटीला आणखी खाली, तेव्हा वाळू धरून ठेवलेलं सोडते. “पावसातलं पाणी पाहुण्यासारखं वागतं,” त्या म्हणायच्या. “घरचं पाणी बघायचं तर मेमध्ये बघा.” वरच्या ऑफिसला एवढं नको होतं. त्यांना मर्यादेखालचे आकडे हवे होते, महिना कोणताही चालला असता. कुसुमताईंनी मात्र सुरुवातीलाच लिहून दिलं होतं : लागोपाठ तीन मे. तीन वेळा विहीर चांगली निघाली की सही.

या अटीनं तो कोळीवाडा किती वर्षं अडकून पडला, ते बाहेरच्याला समजणार नाही. पंप बंद म्हणजे डिझेल दुसऱ्या बंदरावरून आणायचं. रिक्षातून, टेम्पोतून, कॅन भरून. बोटीत ते कॅन उचलून ओतायचे. वाड्यातल्या प्रत्येक घरापुढे निळे कॅन रचलेले असत. आणि नळाला पाणी एक दिवसाआड. सगळ्यांना फाइल बंद व्हायला हवी होती, आणि फाइल होती त्यांच्याच वाड्यातल्या मुलीकडे. लग्नात, बारशाला, बाजारात, जिथे भेटेल तिथे माणसं तिला एकच विचारायची. “कुसुम, कवा?”

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एकदा सभा झाली. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळा वाडा दादूस म्हणतो, ते विहिरीच्या पाण्याचा लोटा घेऊनच उभे राहिले. “ह्ये बघा,” म्हणाले, आणि सगळ्यांसमोर घटाघटा लोटा रिकामा केला. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “दादूस रोज जे पितो त्याच्यापुढं ह्ये काय!” हॉल हसून हसून कोसळला.

कुसुमताईही हसल्या. मग म्हणाल्या, “दादूस, तू घट्ट हायस ते समजलं. पान्याचं काय समजलं?”

“साफ हाय म्हनून तर पिलो!”

“उद्या तुझ्या नातीच्या दुधाच्या बाटलीत घालशील?”

दादूसनी लोटा खाली ठेवला. त्यांची सून पहिल्या रांगेत बसली होती. कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “साफ असं काय नसतं,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “एकदा वाळूत गेलेलं तेल पुरतं कधीच निघत न्हाय. कुठंतरी थांबायला लागतं. मी थांबनार हाय. पन कुठं थांबले ते मना मायती पायजे.”

टाळ्या पडल्या नाहीत.

त्यानंतर एक मे चांगला गेला. पुढचा मेही. हीर मारावी असा तवंगच नव्हता, आणि लॅबमधले आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली. वाड्यात लोक आम्हाला शहाळी देऊ लागले. राहिला तिसरा, गेल्या वर्षीचा मे.

गेल्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा विहिरीला तोरण होतं. पायऱ्या घासलेल्या, कठड्याला चुना. काठावर हळदीकुंकू वाहिलेला नारळ. बायका नटून थटून उभ्या. कुसुमताई पहिल्याच पायरीवर थांबल्या. दगडाच्या सांध्यांत पांढरं काहीतरी होतं. त्यांनी बोट लावून वास घेतला. पाण्यातले जंतू मारायला टाकतात ती टीसीएल पावडर.

“विहीर कोनी उपसली?”

हौसा पुढे आली. तिचा चेहरा उजळलेला होता. “आमी. समद्या बायांनी. दरसाल मेमधी विहीर उपसतात का न्हाय? मागली सालं आमी तुज्यासाठी ऱ्हावलो. औंदा तिसरा मे, लेक येनार, सई करनार. घान विहीर कशी दावायची गो? तळापासून घासली. निरमा लावून.”

“कशानं उपसली?”

“हातानं! इंजिन न्हाय लावला. म्हटलं, डिझेलचा वास लागल.” हौसानं आपले तळवे पुढे केले. दोराने सोललेले होते. “तूच सांगितलं व्हतंस ना.”

तेवढी काळजी त्यांनी घेतली होती. बाकी सगळं पुसून टाकलं होतं.

कुसुमताईंनी ते हात आपल्या हातात घेतले, पाहिले, सोडले. मग खाली उतरून नेहमीसारखे नमुने घेतले. सगळ्या बाटल्या भरल्या, एकही कमी नाही. वेणी त्या दिवशी त्यांनी घेतली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “हे धरता येणार नाही.”

मी त्यांच्याशी भांडले. पंपाजवळचे तपासणीचे बोअर कोणी घासले नव्हते आणि तिथलं पाणी चांगलं निघालं होतं. मागचे दोन मे चांगले होते. विहिरीचा आकडा आला तोही चांगला. मी म्हटलं, एवढं पुरे आहे, सही करा. आजही माझं मत तेच आहे.

“बोअरचं पाणी कोणी पीत नाही, मेधा. विहिरीचं पितात. आणि ही विहीर मी बघितलेलीच नाही. मी साबण बघितला.”

“मग पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.”

त्या थांबल्या असत्या. पण गेल्या वर्षी पाऊस लवकर आला, विहीर चढली आणि मे संपला. त्यांनी साहेबांना लिहून दिलं की विहिरीचा नमुना ग्राह्य नाही, पुढच्या मेमध्ये पुन्हा. साहेबांनी डोक्याला हात लावला. कोळीवाड्यात बातमी गेली, आणि पुढच्या वेळी आम्ही बोअर बघायला गेलो तर जेटीवर आमच्याशी कोणी बोललं नाही. निळे कॅन तसेच रचलेले. हौसाचं दार बंद होतं. आत माणसांचा आवाज येत होता.

नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात गेल्या. थोड्याच दिवसांत नरेश भाजला. घाईत, इंजिन चालू असतानाच कॅन उचलून डिझेल ओतत होता. बोट हलली, कॅन निसटला, तापलेल्या पाइपावर सांडलं. खलाशांनी त्याला खाडीत ढकललं म्हणून जीव वाचला. दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजून गेले.

अलिबागच्या हॉस्पिटलात मी कुसुमताईंबरोबर गेले होते. त्यांनी एकटीनं जाऊ नये असं मला वाटलं. नरेशचे हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे उशीवर ठेवले होते. बहिणीला बघून तो म्हणाला, “ताय, हात बघू नको. डोलं बघ. डोलं वाचलं.”

कुसुमताई कॉटशेजारी उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

“आता तरी सई कर,” नरेश म्हणाला. रागानं नाही. पाणी मागावं तसं. “माझं ऱ्हाऊ दे. बाकीच्यांसाठी कर.”

मी खिडकीशी होते. मला वाटलं, आता करतील. कोणीही केली असती. नियम त्यांनीच केलेला, मोडला तर विचारणारं कोणी नव्हतं. वरच्या ऑफिसला उलट सुटल्यासारखं झालं असतं.

“मेमधी बघू,” कुसुमताई म्हणाल्या.

हौसानं त्यांच्या हातातला पेजेचा डबा काढून घेतला. “जा,” म्हणाली. “पुना येऊ नको.”

आम्ही जिना उतरलो. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. कुसुमताई एका दगडी कठड्यावर बसल्या. त्यांना असं रस्त्यात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“बहुतेक स्वच्छच होतं,” त्या म्हणाल्या. “गेल्या मेमध्ये. तू म्हणत होतीस तेच. बहुतेक.”

“मग?”

“मला माहीत नव्हतं.” चष्मा पुसून त्यांनी पुन्हा लावला. “आत जाऊन सही केली तर ती नरेशच्या हातांसाठी केलेली होईल. पाण्यासाठी नाही. मग ते पाणी दादूसची नात पिणार. नरेशचे हात तर परत येत नाहीत.” मग म्हणाल्या, “मी चुकले असेन तर हे माझ्यामुळे झालं. आणि मी चुकले की नाही हे आता कधीच कळणार नाही. विहीर धुतली ना त्यांनी.”

 खोटा धीर द्यायला मला येत नाही, आणि त्यांनी तो घेतला नसता. त्यांच्यासाठी उसाचा रस आणला. त्यांनी पेला उजेडात धरला, तिरका केला, वरचा थर पाहिला आणि मग प्यायल्या. ती त्यांची सवय होती. पाणी, चहा, ताक, काहीही असो, आधी तिरकं करून पृष्ठभाग बघायचा. आम्ही लॅबमध्ये त्यावरून पूर्वी पुष्कळ हसलो होतो.

त्यानंतर त्या कामावर येत होत्या, नियम तेच होते, पण हाताखालच्या मुलींना ओरडणं बंद झालं. ते मला बरं वाटलं नाही. मार्गशीर्षात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लग्न केलेलं नव्हतं, अलिबागला भाड्याची खोली. हॉस्पिटलातून सोडायच्या दिवशी त्यांना कुठे ठेवायचं याची मी चौकशी करत होते, तेवढ्यात हौसा रिक्षा घेऊन आली. माझ्याकडे न बघता नर्सला म्हणाली, “आमची हाय. पिशवी कुठं हाय तिची?” ताडपत्रीची ती पिशवी तिनं खांद्याला लावली आणि नणंदेला उचलून रिक्षात बसवलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते होळीच्या आधी. वाड्यात गेले तर कुसुमताई हौसाच्या पडवीत खुर्चीवर होत्या, पाठीशी उशा. केस विंचरलेले, तेल लावलेले, आणि डोक्यात अबोलीची ताजी वेणी. मी बघतच राहिले.

“रोज माळते,” हौसा म्हणाली. “आता कुठं पानी बघाय जायचंय तिला?”

नरेश उंबऱ्यात बसला होता. बोटं आत वळून घट्ट झालेली. दोन्ही मनगटांमध्ये कप धरून तो चहा पीत होता. बोटीवर आता मेहुणा जातो, असं त्यानं सांगितलं. कॅन अजून दुसऱ्या बंदरावरूनच येतात, हे सांगायची गरज नव्हती. पडवीच्या कोपऱ्यात तीन उभे होते.

हौसानं नणंदेच्या डाव्या हातात पाण्याचा पेला दिला. कुसुमताईंनी तो हळूहळू वर उचलला. पाणी साडीवर सांडत होतं. पेला उन्हात धरला. तिरका केला. वरचा थर पाहिला. बराच वेळ.

“नळाचं हाय गो,” हौसा म्हणाली. “रोज रोज काय बघतंस? पी.”

त्या प्यायल्या. मग रिकामा पेला पुढे केला. तिनं तो घेतला, पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि आत गेली. मी निघाले तेव्हा त्या खाडीकडे तोंड करून बसल्या होत्या. पडवीतून जेटी दिसते, पंप दिसतो. विहीर दिसत नाही.

साहेब मला दोनदा म्हणाले की आता वाट कशाची बघायची, गेल्या वर्षीचे आकडे आहेत, तू सही कर आणि मिटव. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण अर्धवट सोडलेलं काम हातात घेतलं की ते ज्याचं होतं त्याच्या पद्धतीनं पुरं करावं, नाहीतर घेऊ नये. आज पेट्रोल भरून ठेवलंय. बर्फ कारखान्यातून आणलाय. कोरी बाटली भरून सील केली. भट्टी गार झाली.

१६ मे. पहाटे केसांना पाणी लावून विंचरलं आणि निघाले. पोचले तेव्हा ओहोटी पूर्ण लागली होती, होड्या चिखलात कलंडलेल्या. विहिरीपाशी हौसा उभी, तिच्यामागे पाच-सहा बायका, कठड्यावर नरेश. तोरण नव्हतं. हौसाच्या डोक्यात वेणी नव्हती. एकीच्याही नव्हती.

“औंदा कुनाला हात लावू न्हाय दिला,” हौसा म्हणाली. “बादलीसुदा न्हाय.”

मी आत डोकावले. पायऱ्यांवर शेवाळ, कोपऱ्यात कुजलेली झावळी, पाण्यावर वर्षभराचा पाला. कोळीवाड्यानं इतकी घाण विहीर कधी पाहिली नसेल. पाल्याच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर उन्हाची तिरीप पडली होती आणि तिथे तवंग होता. निळा, जांभळा, सोनेरी.

त्यांनी तो माझ्या आधीच पाहिला होता.  नरेशनं दोन्ही मनगटांत धरून एक हीर माझ्यापुढे केली. खराट्यातली नव्हती, झावळीतून नुकती काढलेली, हिरवी.

मी शेवाळावरून बसत बसत खाली उतरले. तवंगावर मधोमध रेघ मारली. तो तडकला. तुकडे सरकले आणि थांबले. मी थांबले. दुसऱ्या ठिकाणी मारली, मग भिंतीच्या कडेला, जिथे पूर्वी तेल झिरपायचं तिथे. तिथेही तुकडे झाले, तसेच राहिले.

“जुलतंय?” वरून नरेशनं विचारलं.

“नाही.”

वर कोणीतरी हुंदका दिला, कोणीतरी तिला गप्प केलं. मग नरेशचाच आवाज आला, विहिरीत घुमल्यामुळे फार जवळून आल्यासारखा. “मंजे गेल्या सालापन साफच व्हती.”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

तवंग बाजूला सारून पहिली बाटली पाण्याखाली धरली, काठोकाठ भरली, झाकण लावून उलटी केली. आत बुडबुडा नव्हता. वर हौसा दोन पायऱ्या उतरून हात लांब करून उभी होती. तिनं ती घेतली, बर्फात कोऱ्या बाटलीशेजारी ठेवली, आणि मी दुसरी मागितली.